भाचा मशीनवर येतो म्हणतो. हेल्पर ठेवू की कोर्सला पाठवू?

चेनमशीन
नमस्कार मंडळी. चार दिवसांपासून पाऊस लागून आहे. गोसेखुर्दच्या कालव्यावरची आमची साईट बंद, माझं पोकलेन, म्हणजे चेनवर चालणारं खोदायचं मशीन, उंचावर आणून उभं केलं आणि मी कंटेनरात बसून हे लिहून राहिलो. (1988 मध्ये राजीव गांधींनी या धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आज त्याच्याच कालव्यावर माझी रोजी आहे. असो.)

विषय असा. माझी ताई मारेगावकडे दिलेली. तिचा मुलगा 21 वर्षांचा, बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, घरी चार एकर कोरडवाहू. त्याला मशीनवर यायचं आहे. ताईचा दर दोन दिवसांनी फोन, "तू आहेस ना, शिकव त्याला." भाऊजी माझ्याशी धड बोलत नाहीत, त्यांना वाटतं मीच पोराच्या डोक्यात भरवलं. मी काही भरवलं नाही. 2019 मध्ये ते 'जेसीबी की खुदाई'चं खूळ निघालं तेव्हा हा शाळेत होता, तेव्हापासून मोबाइलवर मशीनचा गेम खेळतो.

मी स्वतः 2007 ला हेल्पर लागलो. उस्ताद बिहारचे. सात महिने लिव्हरला हात लावू दिला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ग्रीस मारायचं, कॅनमधलं डिझेल फडक्यातून गाळून टाकायचं, वॉटर सेपरेटरचं पाणी सोडायचं, एअर फिल्टर झटकायचा, केबिनच्या काचा पुसायच्या. पिनेतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारत राहायची, एवढं त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि मग महिनाभर माझ्याशी बोललेच नाहीत. दुपारी ते जेवायला बसले की मी सीटवर चढून बंद मशीनचे लिव्हर हलवायचो. एक दिवस त्यांनी पाहिलं. शिव्या पडतील वाटलं. भाकरीचा घास तोंडात तसाच, म्हणाले, "चाबी लगा." त्यानंतर आठ दिवस एकच काम: एक खड्डा खोदायचा आणि तोच बुजवायचा. बुजवून झाला की बकेटच्या पाठीने असा सपाट करायचा की खड्डा कुठे होता ते त्यांना ओळखता येऊ नये. त्यांना रोज ओळखता यायचं.

आता नागपूरकडे महिन्याभराचे कोर्स निघाले आहेत. फी घेतात, सिम्युलेटरवर (पडद्यासमोरच्या नकली मशीनवर) बसवतात, सर्टिफिकेट देतात. हेल्परला आमच्याकडे नऊ-दहा हजार. मला 24 हजार आणि रोजचा 200 भत्ता, तोही मशीन चाललं तर. पावसाळ्याचे चार महिने मालकाची मर्जी. अर्धा पगार देतो, कधी तोही नाही.

तर पोराला कोर्सला पाठवू, हेल्पर ठेवू, की भाऊजींचं ऐकून गप्प बसू? अनुभव असणाऱ्यांनी लिहा.

धुऱ्यावरचा
भाऊ, कुठंबी ठेवा, पन पोराले पहिले माती वळखाले शिकवा. तीन वर्साआंधी म्या वावर सपाट कराले जेसीबी लावली. डायवर पोरगं नवं, पन हात मोठा सफाईचा. दोन दिवसात वावर असं केलं का गोटी ठेवली त घरंगळनार नाही. म्या बाजाराले गेल्तो. आलो त पाह्यतो, वरची काळी माती समदी खाली गाडली अन् खालचा पांढरा मुरूम वर आनून पसरवला. मले म्हने, "काका, लेवल पाहा किती मस्त आली."

त्या कोपऱ्यात तवापासून तूर गुडघ्याच्या वर येत नाही. सहा ट्रॉल्या शेनखत टाकलं. पिढ्यांची माती होती ते, दोन दिवसात गेली. अन् मीटरचे (तासाचे) पैसे त घेतलेच.

चेनमशीन
काका, वाचून वाईट वाटलं. वरची फूटभर माती आधी काढून धुऱ्याला लावायची, मग खालची लेव्हल करायची, मग काळी परत पसरायची, अशी रीत आहे. पण त्यात तास दीडपट लागतात. शेतकरी म्हणतो मीटर कमी आलं पाहिजे, मालक म्हणतो लवकर उरकून दुसऱ्या गावी जा, आणि ऑपरेटर बावीस वर्षांचा. तुम्ही धुऱ्यावर उभे असते तर त्याने विचारलं असतं. नसता तरी विचारायला पाहिजे होतं, ते मान्य.

नेमकं बोला
एक दुरुस्ती. जेसीबी हे कंपनीचं नाव, त्या यंत्राला बॅकहो लोडर म्हणतात. पोकलेन हेही मुळात पोक्लें या फ्रेंच कंपनीचं नाव, यंत्र म्हणजे एक्स्कॅव्हेटर. टिपरला हायवा म्हणतात त्याचंही तेच, त्याला हायड्रॉलिक जॅक पुरवणारी डच कंपनी आहे ती. निदान लेखी तरी नीट नावं वापरावीत.

चेनमशीन
बरोबर आहे साहेब. पण गावात जाऊन "बॅकहो लोडर आणला" म्हटलं तर लोक म्हणतील आम्ही तर जेसीबी बोलावला होता, आणि चहासुद्धा मिळणार नाही.

निवृत्त डंपर
मी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा खाणी) वणी क्षेत्रातून निवृत्त झालो. आयुष्य डंपरवर गेलं, आधी 35 टनाचा, नंतर 60 टनाचा. तुमच्या आणि आमच्या कामात फरक आहे तो सांगतो, मग पोराने ठरवावं.

खाणीत कोणी कोणाला 'चाबी लगा' म्हणत नाही. आधी मेडिकल, मग व्हीटीसीत (खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात) प्रशिक्षण, मग जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसून, मग त्या एका मशीनचं ऑथरायझेशन. डंपरचा कागद असलेला माणूस डोझरवर बसला तर चार्जशीट. ब्लास्टिंगच्या वेळी 500 मीटरच्या आत कोणी नाही. सायरन झाला की साहेब असो की शिपाई, सगळे बाहेर. आम्हीही कुरकुरायचो, कामाचा खोळंबा होतो म्हणून. पण मी दोन पायांवर घरी आलो त्यात त्या नियमांचा मोठा वाटा आहे.

रात्रपाळीत तीन ते पाच ही वेळ वाईट. झोप येते असं नाही, डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत नाही. मी तेव्हा स्वतःशी पाढे म्हणायचो, एकोणीसचा पाढा, मोठ्याने. तो येईनासा झाला की डंपर बाजूला घेऊन सुपरवायझरला सांगायचं. बोलणी खाल्ली, पण काठावरून खाली गेलो नाही.

आता कायम नोकरीचं म्हणाल तर ती आशा पोराला दाखवू नका. कोल इंडियाच्या धोरणात जमीन गेलेल्यांना दोन एकरामागे एक नोकरी असा हिशोब आहे, मलाही जमिनीच्या बदल्यातच लागली. बाकी ओबी काढायचं काम, म्हणजे कोळशावरची माती-दगड, बरंचसं ठेकेदारांकडे गेलं आहे.

आमच्या वावरात विहिरीजवळ आंबा होता. ती जागा आता ओबीच्या ढिगाऱ्याखाली आहे. तो ढिगारा टाकणाऱ्या डंपरांत माझाही एक होता, साधारण चार वर्षं. जागा कोणती ते मला माहीत होतं, बाकी कोणाला नव्हतं.

चेनमशीन
काका, तुमचं शेवटचं वाचून मोबाइल बाजूला ठेवला. बाहेर जाऊन आलो.

आर्वीची
मी ऑपरेटर नाही, ऑपरेटरची बायको आहे. चालेल ना?

आमचे हे समृद्धी महामार्गाच्या भरावावर होते, ग्रेडर (रस्ता सपाट करायचं मशीन) चालवायचे. आमच्याच जिल्ह्यात काम, तरी पंधरा दिवसांनी एकदा घरी. नंतर काम पुढे सरकत गेलं तसे तेही गेले, अमरावती, वाशीम. आज ते तेलंगणात आहेत. मुलगी पहिल्यांदा चालली ते त्यांनी व्हिडिओत पाहिलं.

11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, त्या दिवशी ते सुट्टीवर घरी होते. मुलीला म्हणाले, चल तुला बाबांचा रस्ता दाखवतो. मोटरसायकल काढली. नाक्यावर गेल्यावर कळलं की दुचाकीला बंदी आहे. मग आम्ही खालच्या गावरस्त्याच्या पुलाखाली उभं राहून वरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकले आणि परत आलो. ते रागावले नाहीत, हसले. मलाच राग आला.

भाच्याच्या आईला एवढंच सांगा की फोन करायची वेळ आधी ठरवून घ्या. संध्याकाळी सातला फोन आला नाही की आठपर्यंत माझ्या मनात काय काय येतं ते मी इथे लिहीत नाही.

खारपाणपट्टा
अकोल्याकडून. यवतमाळ-चंद्रपूरचा ऑपरेटर आमच्या पूर्णाकाठी आला की पहिल्या पावसात रडतो. तुमच्याकडे पाच-सात फुटांवर मुरूम लागतो, चेनला काहीतरी आधार मिळतो. आमच्याकडे कितीही खोल जा, चिकण काळी मातीच. उन्हाळ्यात भेगा अशा की त्यात हात जाईल, आणि पाणी पडलं की लोणी. गेल्या वर्षी वीस टनाचं मशीन पोटापर्यंत बसलं. दुसरं आणलं काढायला, तेही बसलं. शेवटी ओंडके टाकून, बकेट पुढे रोवून स्वतःलाच ओढत ओढत निघालं, पावणेदोन दिवस लागले.

चेनमशीन
हाहा, मी पण बसलो आहे एकदा दहीहंडा भागात. बसल्यावर नवखा माणूस काय करतो, चेन जोरात फिरवतो. जितकी फिरवाल तितकं मशीन स्वतःची कबर खोदते. थांबायचं, बूमने (मशीनच्या मोठ्या हाताने) एक बाजू उचलायची, चेनखाली लाकूड घालायचं, मग दुसरी बाजू. एक तास लागो की दहा. हे सिम्युलेटरवर येते का हो कोणाला माहीत? मी खरंच विचारतो आहे.

लेव्हल पट्टी
मी साईट इंजिनिअर आहे, वर्धा. सिम्युलेटरवर चिखल येत नाही, पण हाताची सवय नक्की होते आणि डिझेल जळत नाही. माझं मत कोर्सच्या बाजूने आहे, कारण वेगळं आहे. मोठ्या कंपन्यांच्या साईटवर आता सर्टिफिकेट आणि लायसन्स पाहिल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. उस्तादाकडे शिकलेला माणूस दहा वर्षं चांगला चालवतो आणि कागद नाही म्हणून लहान ठेकेदाराकडेच राहतो. चेनमशीन दादा, तुमच्याकडे आहे का?

दुसरं, बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी करून घ्या. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडून मिळतो. ऑपरेटर लोकांना वाटतं ते फक्त गवंडी आणि बिगारी लोकांसाठी आहे.

आणि खंदकाबद्दल त्याला पहिल्या दिवशी सांगा. दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूंना आधार पाहिजे किंवा उतार पाहिजे. आम्ही लिहून देतो, साईटवर कोणी करत नाही.

चेनमशीन
लायसन्स आहे, सर्टिफिकेट नाही. तुम्ही बरोबर नस पकडली.

खंदकाचं निघालं म्हणून सांगतो, हे मी ताईला कधी सांगितलं नाही. बारा वर्षं झाली असतील. नळयोजनेची पाइपलाइन, काळी माती, खोली जवळपास आठ फूट, रुंदी बकेटएवढी. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. मी काढलेली माती काठालाच टाकत होतो, कारण दूर टाकायला जागा नव्हती, पलीकडे लोकांची पऱ्हाटी (कपाशी) उभी. ठेकेदाराचा माणूस घाई करत होता. एक मजूर पाइपाचा जॉइंट बसवायला आत उतरला. मी बकेट वर घेऊन थांबलो होतो. आवाज काहीच झाला नाही. डावीकडची भिंत, साधारण बैलगाडीएवढा तुकडा, नुसती आत बसली. माणूस छातीपर्यंत.

माझा हात लिव्हरवर गेला. बकेटने माती काढू, दोन मिनिटांचं काम, असंच मनात आलं. तिथे एक म्हातारा मजूर होता, तो माझ्या काचेसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि ओरडला, "मशीन बंद कर!" मग फावडी, घमेली, हात. इंजिन बंद केल्यावर मला त्या माणसाचा श्वास ऐकू आला. पाऊण तास लागला. तो वाचला, बरगड्या मोडल्या होत्या. बकेट लावली असती तर दातांनी त्याचं काय झालं असतं किंवा हादऱ्याने दुसरी भिंत बसली असती, हे मला रात्री समजलं.

तेव्हापासून माती काठापासून लांब टाकतो. पऱ्हाटीवर पडली तर पडो, शेतकऱ्याची बोलणी खाईन. आणि माणूस आत असेल तर लिव्हरचा लॉक वर, हात मांडीवर.

धुऱ्यावरचा
टाक बाप्पा माया पऱ्हाटीवर. पैसे मांगनार नाही.

झाडीपट्टी
भंडाऱ्याकडचा आहे. आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या (लहान तळी), मालगुजारांच्या काळातल्या. गाळ काढायच्या योजना आल्या तशी मशिनं आली. गाळ काढला पाहिजे यात वाद नाही. पण आमच्या गावच्या बोडीत ऑपरेटरने गाळ काढला, त्याखालची चिकण माती पण काढली आणि पार रेतीपर्यंत गेला. कारण ट्रॉल्या मोजून पैसे. आधी मार्चपर्यंत पाणी राहायचं, आता दिवाळीनंतर तळ दिसतो. धानाला शेवटचं पाणी देता येत नाही. धुऱ्यावरच्या काकांचं दुखणं तेच आमचं. कुठे थांबायचं हे कोर्सात शिकवतात का?

चेनमशीन
गाळ काळा-करडा असतो, मऊ, बकेटमधून पडताना ढेकूळ होत नाही. चिकण पिवळट लागते आणि दाताला चिकटते, झटकली तरी पडत नाही. चिकटायला लागली की थांबायचं. हे कोणत्या कोर्सात आहे ते माहीत नाही. मला एका गुराख्याने सांगितलं, नागभीडकडे.

रात्रीचा प्रवासी
सगळे चांगलं चांगलं लिहून राहिले. रेतीघाटावरच्या रात्रीच्या मशिनींबद्दल कोणी का बोलत नाही?

चेनमशीन
बोलतो की. दुप्पट भत्ता देतात, रोख. मी दोन रात्री गेलो आहे, 2014 मध्ये, नाव-गाव सांगणार नाही. लाइट बंद ठेवून खोदायचं, नदीतल्या पाण्याचा अंदाज येत नाही. पकडलं तर मालक फोन बंद करतो आणि मशीनवर सापडतो तो ऑपरेटर. मशीन जप्त झालं की ते सोडवायला नुसता दंडच साडेसात लाख, रेतीच्या किमतीच्या पाचपट वेगळा. मालकाचं नुकसान मालक पाहून घेईल, पण गुन्ह्यात नाव आपलं येतं. भाच्याला याबद्दल एकच सांगितलं आहे: रात्री कोणी 'थोडंसं काम आहे' म्हटलं की चावी मामाकडे आहे म्हणायचं.

टाकी फुल
डिझेलचा विषय राहिलाच. लोकांना वाटतं प्रत्येक ऑपरेटर डिझेल विकतो. आमच्या मालकाने आता मोबाइलवर सगळं बघायची सोय केली आहे. मशीन किती चाललं, किती वेळ नुसतं चालू उभं होतं, टाकीत किती आहे. दुपारी फोन आला, "वीस मिनिटं आयडल का?" म्हटलं मालक, 46 डिग्री आहे, एसी लावून भाकर खाल्ली. म्हणाले झाडाखाली खा. झाड दाखवा म्हटलं. साईटवर झाडच नाही, मीच पाडलं होतं मागच्या आठवड्यात.

चेनमशीन
😂 पण विकणारे आहेत, हे पण खरं. वीस टनाचं मशीन तासाला बारा ते पंधरा लिटर खाते, त्यात दिवसाचे पाच लिटर इकडे-तिकडे झाले तर कोणाला कळत नव्हतं. मशिनीला ते मोबाइलचं यंत्र बसलं त्याचा मला आनंदच आहे. आता माझ्यावर संशय घेतला की मी म्हणतो, बघा ना मोबाइलमध्ये.

सिम्युलेटरवरून एक आठवलं, लेव्हल पट्टी साहेबांना विचारायचं होतं. काही मशिनींत बूमचा लिव्हर उजव्या हाताला असतो, काहींत डाव्या. कोर्समध्ये एकच पद्धत शिकवतात की दोन्ही? आमच्याकडे भाड्याचं मशीन बदललं की मी आधी मोकळ्या जागेत बकेट हवेत धरून चारही हालचाली पाहतो. एकाने न पाहता सुरू केलं, आर्म (बूमच्या पुढचा दांडा) ओढायला गेला आणि बूम वर गेला, वर अकरा केव्हीची तार. नशीब चार बोटांचं अंतर राहिलं.

लेव्हल पट्टी
बहुतेक ठिकाणी एकच. विचारून सांगतो.

आर्वीची
मग काय ठरलं भाच्याचं?

चेनमशीन
ताईला फोन केला. ठरलं असं की दिवाळीपर्यंत माझ्याकडे हेल्पर, मग कोर्सची फी अर्धी मी देईन, अर्धी त्याने पगारातून साठवायची. भाऊजी फोनवर आले, पहिल्यांदाच. "त्याला नाल्याकाठी मशीन लावायला लावू नकोस" एवढंच म्हणाले. म्हटलं, काठावर लावायचंच नसतं भाऊजी, चेन काठाकडे सरळ ठेवून मागे पळता येईल असं लावायचं असतं. त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी फोन ठेवलाही नाही.

(सुमारे दोन महिन्यांनी)

लेव्हल पट्टी
धागा वर काढतो. चौकशी केली, मी ज्या ठिकाणी विचारलं तिथे एकच पद्धत शिकवतात. दादा, पोरगा कसा आहे?

चेनमशीन
आला होता. कालवा बंदच होता, म्हणून आम्ही गिट्टी खदानीवर ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावून काम करत होतो. पहिले चार दिवस कानाला हात लावून फिरायचा, रात्री जेवताना पण आवाज येतो म्हणायचा. ग्रीसिंग मात्र चांगलं शिकला. माझ्याआधी उठायचा. एकदा बूमखालच्या होजला (तेलाच्या नळीला) बोटाएवढा फुगा आला होता, मला दिसला नव्हता, त्याने दाखवला. तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसालाही दिसत नाही तो. लिव्हर अजून दिला नव्हता.

सोयाबीन काढायला म्हणून घरी गेला, आठ दिवस सांगून. आज एकोणीस झाले. फोन उचलतो, म्हणतो येतो मामा. ताई म्हणते तिला काही बोलत नाही. त्याची ग्रीसगन सीटच्या मागे आहे, चादरीत गुंडाळून ठेवून गेला.

धुऱ्यावरचा
येईन तो. कापसाचा पहिला वेचा होऊ दे. घरी मानूस कमी असन.

चेनमशीन
बघू. तोवर ग्रीस मीच मारतो आहे.